आमच्या मातीतला आकडा आमच्या मातीत मोजा

प्रति,
औषधी आणि मसाला पिकांच्या योजना आखणारे व राबवणारे सर्व अधिकारी,
तसेच करारावर औषधी हळद घेणारे खरेदीदार यांस

महोदय,

या हंगामात आमच्या कृष्णाकाठच्या गावांतून एक कागद फिरला. करारावर हळद घेणाऱ्या खरेदीदाराची अट त्यात होती. पुढच्या वर्षापासून कुरकुमीन, म्हणजे हळदीतलं पिवळं औषधी द्रव्य, पाच टक्क्यांच्या खाली भरलेली हळद औषधी म्हणून घेतली जाणार नाही, आणि ज्याचा माल लागोपाठ दोन हंगाम खाली भरेल त्याचं नाव लागवडीच्या यादीतून कमी होईल. योजनेच्या बैठकीत ही अट वाचून दाखवली, कुणी हरकत घेतली नाही, म्हणून ती सगळ्यांना मान्य आहे असं धरलं गेलं. हरकत घेणार कोण? कागद इंग्रजीत होता, खाली कन्नडमधून दोन ओळी होत्या, आणि बैठकीला आलेल्या बहुतेकांनी घरी गेल्यावर शिकलेल्या पोराकडून तो समजून घेतला.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला, चिकोडी तालुक्यातला हळद उत्पादक आहे. आजोबांच्या काळापासून आमच्या रानात हळद आहे. मांजरीचा पूल ओलांडून कागवाड-मिरजेवरून सांगलीच्या सौद्याला माल नेणं, अडत्याकडं पोती उतरवणं, भाव फुटेपर्यंत तिथंच पथारी टाकणं, यातच आमच्या घरातल्या दोन पिढ्या गेल्या. मुलीचं शिक्षण हळदीवर झालं, विहिरीचं काम हळदीवर झालं, २०१९ च्या महापुरानंतर घर सावरलं तेही हळदीवरच. त्यामुळं हा कागद मला गप्प बसून मान्य करता येत नाही. आणि हा प्रश्न एकट्या हळदीचा किंवा एकट्या माझा नसल्यामुळं पत्र उघड लिहितो आहे.

मुद्दा सरळ आहे. औषधी वनस्पतीत औषध किती आहे, हे ती कुठं वाढली त्यावर ठरतं. जातीचा वाटा मोठा असतो, हे कोणताही शेतकरी नाकारणार नाही. पण तीच जात, तेच बेणं वेगळ्या मातीत, वेगळ्या पावसात, वेगळ्या उंचीवर लावलं की आतलं द्रव्य बदलतं. कुरकुमीन हा हळदीचा पिवळा रंग. त्यात खरं तर तीन जवळची द्रव्यं असतात, आणि त्या तिघांचं आपसातलं प्रमाणही सगळीकडं सारखं नसतं. त्याशिवाय हळदीत तेल असतं, वास त्याच तेलाचा. एकच जात अनेक ठिकाणी लावून देशातल्या संशोधकांनी हे तपासलेलं आहे, आणि जागेगणिक आकडे हलतात हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांची लाकाडोंग हळद सात टक्क्यांच्या वर जाते. केरळच्या आलेप्पी हळदीत पाचच्या पुढं सापडतं. देशातल्या इतर अनेक बाजारांत येणारी हळद दोन ते चारच्या दरम्यान असते. यात जातीचा हात आहे आणि जागेचाही, आणि कुणाचा किती हे ठरवायला जागेवरच लावून बघावं लागतं.

आपल्याकडं हे नवीन ज्ञान नाही. औषधी कुठल्या भूमीतून घ्यावी याचा विचार चरकसंहितेत आहे, आणि त्यासाठी देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: आनूप, जांगल आणि साधारण. आनूप म्हणजे पाण्याचा, दाट झाडीचा. जांगल म्हणजे कोरडा, उघडा. साधारण म्हणजे मधला. आता आपला जिल्हा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटी, चोर्ल्याचा घाटमाथा, तिथं मलप्रभा उगम पावते, म्हादईही याच तालुक्यातून निघते, आणि पावसाचे आकडे हजारांच्या पटीत जातात. पूर्वेला अथणीच्या माळावर वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटरवर भागवावं लागतं. मध्ये बेळगाव, हुक्केरी, चिकोडी. खानापुरात जांभा आणि तांबडी आम्लधर्मी माती, आमच्या कृष्णाकाठाला खोल काळी माती, चुनखडी भरपूर, कित्येक रानं क्षारपड झालेली. चरकाचे तिन्ही देश एका जिल्ह्यात आहेत. आणि योजना या सगळ्याला एकच आकडा लावते.

आता आमच्या भागातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी योजनेतून आम्हाला 'प्रतिभा' जातीचं बेणं मिळालं. कोझिकोडच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेनं काढलेली ही जात चांगली आहे. माहितीपत्रकात कुरकुमीन सहा टक्क्यांच्या वर छापलेलं असतं. त्या संस्थेचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी आपल्या भागात, आपल्या मातीत मोजलं आणि छापलं. चूक पुढं झाली. तो छापील आकडा इथल्या करारात जसाच्या तसा उतरवला गेला, आणि त्यावर पाचची अट बसवली गेली. इथल्या रानात ही जात किती देते हे एकदाही लावून न बघता.

आम्ही अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण केली. ठिबक होतं, दोनदा भर लावली, करपा येऊ नये म्हणून वेळेवर फवारण्या घेतल्या. पाला पूर्ण वाळल्यावर कापला आणि मगच कुदळ लावली. शिजवायला वाफेचा कुकर भाड्यानं आणला, गड्डे आणि हळकुंडं वेगळी शिजवली. पीक देखणं होतं. हळकुंड मोडलं तर आत नारिंगीकडं झुकणारा पिवळा रंग, मोडताना टणक आवाज. सांगलीतल्या जुन्या खरेदीदारानं हातात घेऊन 'माल झाक आहे' म्हटलं असतं. कराराच्या खरेदीदाराकडून कुरकुमीनची चिठ्ठी आली ती चार टक्क्यांच्या आसपासची. माझी तशी, शेजाऱ्याची तशी, नदीच्या दोन्ही काठांवरच्या बहुतेकांची थोड्याफार फरकानं तशीच. आणि चिठ्ठीसोबत तोंडी कारण आलं, की तुम्ही कच्ची काढली असेल, नाहीतर दुसरी हळद मिसळली असेल.

हे दुसरं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. भाव कमी मिळणं शेतकऱ्याला नवीन नाही. पण भेसळीचा ठपका, तोही पुराव्याशिवाय, हा आमच्या घराण्यावरचा डाग आहे. एका गावातल्या एकानं मिसळली असेल असं म्हणता येईल. नदीकाठच्या सगळ्या गावांनी एकाच हंगामात, एकाच प्रमाणात मिसळली? आकडे इतके जवळजवळ येतात तेव्हा माणसांवर संशय घेण्याआधी जमिनीकडं बघावं लागतं.

माझ्या मामांची संकेश्वरकडं तांबड्या मुरमाड रानात थोडी शेती आहे. त्याच बेण्यातले गड्डे त्यांना दिले होते. लागण एकाच पंधरवड्यात, काढणीही जवळपास एकाच वेळी. शिजवली मी, माझ्या हळदीसोबत, त्याच कुकरमध्ये, वाळवली माझ्याच खळ्यावर. दोन्ही नमुने मी पदरचे पैसे भरून एकाच प्रयोगशाळेत दिले. दोन्हींत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक आला, आणि मामांची हळद वर होती. उत्पादन मात्र त्यांचं आमच्यापेक्षा बरंच कमी. दोन नमुन्यांवर शास्त्र उभं राहत नाही, हे मला कळतं. पण एका शेतकऱ्याला हे करून बघता येतं, तर योजनेला का येत नाही?

आमच्या काठावरच्या मातीचं एक वैशिष्ट्य सांगतो, कारण बाहेरून येणाऱ्याला ते दिसत नाही. चुनखडीमुळं आणि विम्लतेमुळं, म्हणजे माती आम्लाच्या उलट गुणाची असल्यामुळं, इथं लोह आणि जस्त जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. श्रावण-भाद्रपदात कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आपला पाहणीचा माणूस आला की म्हणतो, नत्र कमी पडलंय, युरिया द्या. युरियानं पाला हिरवागार होतो, उंच होतो, आणि कंदात काय होतं ते कुणी मोजत नाही. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी दिवसेंदिवस रानात उभं राहिलं. कंदकुजीनं अर्धी रानं गेली, उरलेल्यांपैकी कित्येकांनी वेळेआधी काढली कारण थांबलो असतो तर उरलेलीही गेली असती. अशा वर्षाचा आकडा आणि कोरड्या वर्षाचा आकडा एकाच तराजूत कसा टाकता?

दुसरी तक्रार मोजण्याच्या पद्धतीची. कुरकुमीन मोजायच्या एकाहून जास्त रीती आहेत. एका यंत्रावर अर्काच्या रंगाची तीव्रता मोजतात, त्यात तिन्ही द्रव्यं एकत्र धरली जातात. दुसऱ्या, महागड्या यंत्रावर तिन्ही वेगळी करून मोजतात. दोन्हींचे आकडे जुळतीलच असं नाही. ओलावा धरून मोजलं की कोरड्या वजनावर मोजलं यानंही फरक पडतो. करारात पाच लिहिलं आहे, पण कुठल्या रीतीनं, किती ओलाव्यावर, हे लिहिलेलं नाही. माझ्या चिठ्ठीवर नुसता आकडा आणि एक सही. नमुना कसा घेतला तेही मी पाहिलं आहे. शेडच्या दाराशी लावलेल्या पहिल्या थप्पीतल्या वरच्या दोन-तीन पोत्यांत हात घातला, मूठभर हळकुंडं पिशवीत टाकली, पिशवीवर पेनानं नाव लिहिलं, झालं. माझ्यासमोर पिशवी सील केली नाही, त्यातला भाग मला दिला नाही. हळकुंडात, गड्ड्यात आणि बारीक कणीत कुरकुमीन सारखं नसतं. मग कुठलं कुठून उचललं यावर माझ्या वर्षभराच्या कष्टाचा भाव ठरला.

निपाणीच्या तंबाखूच्या पेढीवर जाऊन बघा. तिथला मुरलेला व्यापारी चिमूटभर तंबाखू चुरगाळून वास घेतो आणि कुठल्या शिवारातली ते सांगतो. भाव शिवारावर ठरतो, आणि शिवार कागदावर लिहिलं जातं. बिडीच्या तंबाखूला जी शिस्त आहे, ती औषधाला नसावी?

यातून नुसतं शेतकऱ्याचं नुकसान होत नाही. रंगावर आणि एका आकड्यावर भाव टांगला की लबाडीला वाट मिळते. हळदीचा रंग उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेट चोळल्याचे प्रकार आपल्या देशात आणि शेजारच्या बांगलादेशात उघडकीला आले आहेत. ते शिसं थेट लहान मुलांच्या अंगात जातं. जो प्रामाणिक शेतकरी आपल्या मातीनं दिलेला चारचा आकडा घेऊन येतो त्याला यादीतून काढायचं, आणि पाच कुठून आला हे न विचारता पाचवाल्याला घ्यायचं, याचा शेवट काय होईल ते सांगायला मोठी विद्या लागत नाही.

तिसरी तक्रार मी माझ्या पिकाची करत नाही. धाकट्या बहिणीचं सासर जांबोटीच्या पुढं आहे, कणकुंबीच्या वाटेवर. तिच्या घरामागच्या रानात नरक्या आहे. काही लोक त्याला अमृता म्हणतात. लहानसं झाड, लाकडाला आणि फुलांना घाण वास, जनावरं तोंड लावत नाहीत, म्हणून जुन्या लोकांनी त्याच्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य आहे. ते पहिल्यांदा सापडलं १९६६ साली, एका चिनी झाडात. शोधणारे दोघे, मनरो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेलेले. पुढं १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात दाखवून दिलं. त्यापासून तयार केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आज बीजकोशाच्या, फुप्फुसाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात. बेळगावात उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या सलाईनमधून जे उतरतं, त्याचं मूळ द्रव्य खानापूरच्या रानातही उभं आहे.

बेंगळुरूच्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या वेगवेगळ्या ठिकाणची नरक्याची झाडं तपासली, तेव्हा जागेजागेच्या झाडांत तर फरक दिसलाच, पण एकाच रानातल्या दोन झाडांतही कित्येक पटींचा फरक दिसला. एका झाडात भरपूर, दुसऱ्यात नावाला. मुळात आणि सालीत जास्त, पानात कमी. म्हणजे कोणतं झाड राखायचं, कोणाचं बी धरायचं, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि घाटात आजवर झालं काय? किलोवर लाकूड घेणारे दलाल आले, मुळासकट झाडं उपटली गेली, वजन भरलं, ट्रक गेले. भरपूर द्रव्याचं झाड आणि कमी द्रव्याचं झाड एकाच भावानं तुटलं. सिंधुदुर्गातल्या, चंदगड-आजऱ्याकडच्या रानांनी हे सोसलं, खानापूरलाही झळ लागली. बहिणीच्या गावच्या म्हाताऱ्यांनी दाखवलेल्या जागांवर आता खड्डे आहेत, त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि रानडुकरं लोळतात.

यावर उपाय म्हणून नरक्याची रोपं वाटायचं ठरलं, हे चांगलंच झालं. पण जी रोपं आली ती कुठल्या रानातल्या बियांची, हे रोपवाटिकेतल्या माणसाला सांगता आलं नाही. पिशवीवर झाडाचं नाव होतं, गावाचं नव्हतं. बहिणीनं विचारलं तर उत्तर मिळालं, सगळं एकच असतं, ताई. सगळं एकच नसतं. या घाटातल्या पावसात, या जांभ्यावर शेकडो वर्षं टिकलेलं बी इथं उभं असताना बाहेरून अनोळखी बी आणून त्यात मिसळायचं आणि पंचवीस वर्षांनी द्रव्य कमी का म्हणून विचारायचं, याला नियोजन म्हणत नाहीत.

असाच हिशेब वेखंडाचा आहे. आपल्या घराघरात बाळाच्या घुटीत वेखंड उगाळतात. अमेरिकेत उगवणाऱ्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य जवळजवळ नसतं, युरोपातल्यात थोडं असतं, आणि आपल्याकडच्या कित्येक वेखंडांच्या तेलात तेच मुख्य असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते जास्त प्रमाणात घातक ठरलेलं आहे. हा फरक मातीपेक्षा वाणाच्या रंगसूत्रांचा आहे, हे कबूल. पण नाव सारखं म्हणून वस्तू सारखी नसते, हे त्यातूनही दिसतं, आणि ते बाळाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूबद्दल दिसतं. हिरडा, शतावरी, गुळवेल, अश्वगंधा, सगळ्यांचीच अशी तपासणी व्हायला हवी. मी त्या खोलात जात नाही, ते जाणकारांचं काम आहे.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, म्हणजे या पत्राला भलता रंग कुणी देऊ नये. आम्ही मराठी बोलणारे आहोत, कर्नाटकात राहतो, सीमेचा वाद आमच्या जन्माआधीपासून आहे, आणि तो या पत्राचा विषय नाही. माझ्या शेजारच्या बांधावरचे अण्णा कन्नड बोलतात, त्यांची हळदही चारच भरली. पण सीमेमुळं जे ज्ञान अर्धं अर्धं राहतं त्याबद्दल मला बोलायचं आहे. सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र आहे, ते महाराष्ट्राच्या कृषी विद्यापीठाचं. आमच्या रानापासून ते फार लांब नाही, माती तीच, नदी तीच. आमच्या बाजूला गोकाकजवळ अरभावीला फलोत्पादन महाविद्यालय आहे, ते बागलकोटच्या विद्यापीठाचं. एकाची शिफारस दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही. आमच्या योजनेचा माणूस कसबे डिग्रजची पुस्तिका हातात घेत नाही, कारण ती दुसऱ्या राज्याची. आणि खुद्द बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथं वनस्पतींतली द्रव्यं मोजण्याचंच काम चालतं. इतकं सगळं पंचक्रोशीत असताना माझ्या हळदीचा नमुना तपासायला कुठल्या कुठं जातो, आणि निकाल येईपर्यंत सौदे होऊन गेलेले असतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

पाचची सरसकट अट यंदा स्थगित करा. त्या अटीवर ज्यांची नावं कमी करायचं ठरलं असेल ती परत घ्या. ज्या शेतकऱ्यांवर भेसळीचा ठपका तोंडी ठेवला, तो एकतर पुराव्यानिशी लेखी द्या, नाहीतर लेखी मागे घ्या. ही मागणी मी सगळ्यांत वर ठेवतो.

जिल्ह्यात वेगवेगळ्या मातीत आणि पावसात चाचणी लागवडी घ्या. कृष्णाकाठाला काळ्या रानात, क्षारपड रानात, संकेश्वर-हुक्केरीच्या तांबड्या रानात, बेळगावच्या आसपास, आणि खानापूरच्या पायथ्याला. त्याच जाती, तीच लागण, तीच काढणी, निदान तीन हंगाम. त्यात 'प्रतिभा'सोबत आमची जुनी राजापुरीही ठेवा, कारण इथल्या मातीला ती पिढ्यान् पिढ्या सरावलेली आहे. अरभावी आणि कसबे डिग्रज दोघांनाही त्यात बोलवा. जमीन आम्ही देतो. मजुरी आणि पाण्याचाही भार आम्ही काही प्रमाणात उचलू, आमच्या गटाची तशी तयारी आहे. मिळालेले आकडे गावनिहाय जाहीर करा, आणि करारातला किमान आकडा त्या त्या पट्ट्याच्या सरासरीवरून ठरवा. ज्याची हळद आपल्या पट्ट्याच्या सरासरीच्या वर जाईल त्याला वाढीव भाव द्या. मग बघा, कुणालाही धमकीची गरज न पडता आकडे कसे सुधारतात.

नमुना शेतकऱ्यासमोर घ्या. प्रत्येक थप्पीतून, वरून, मधून आणि तळातून. तीन भाग करा, तिन्ही सील करा, एक शेतकऱ्याकडं, एक खरेदीदाराकडं, एक योजनेकडं. चिठ्ठीवर मोजण्याची रीत, ओलावा आणि प्रयोगशाळेचं नाव लिहा. वाद झाला तर योजनेकडचा भाग बेळगावातच तपासा.

चिठ्ठी आणि करार कन्नडमध्ये असूद्यात, सोबत मराठी प्रत द्या. ज्या कागदावर माणूस अंगठा किंवा सही करतो तो त्याला वाचता आला पाहिजे, एवढंच यात मागणं आहे.

खानापूरच्या रानासाठी वेगळी मागणी आहे. नरक्याची जी झाडं उभी आहेत त्यांच्यातलं द्रव्य झाड न तोडता, डहाळीच्या किंवा पानाच्या नमुन्यावरून तपासा. भरपूर द्रव्याच्या झाडांना खूण करा आणि गावाच्या समितीकडं त्यांची राखण द्या. रोपं करायची तर त्यांच्याच बियांची, आणि प्रत्येक पिशवीवर रानाचं नाव. मुळं विकत घेणाऱ्यांवर कारवाई करताना डोक्यावर मोळी वाहणाऱ्या मजुराला पकडून थांबू नका, ट्रक कुणाचा होता तिथपर्यंत जा.

खरेदीदारांना एक विनंती. तुम्ही हळदीचा अर्क काढून बाटलीत, कॅप्सूलमध्ये भरता आणि वर अर्काची टक्केवारी छापता. त्याच डबीवर हळद कुठल्या भागातली हेही छापा. तुमचं नुकसान काहीच नाही, आणि औषध घेणाऱ्याला आपण काय घेतो ते कळेल.

या पत्राची प्रत आम्ही चिकोडी, रायबाग, अथणी आणि खानापूर इथल्या शेतकरी मित्रांना पाठवली आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी सोबत आपल्या रानाची माती, जात आणि मिळालेला आकडा लिहावा. कुणाचा आकडा पाचच्या वर असेल तर तोही लिहावा, आम्हाला तोही हवाच आहे.

फाल्गुनात सौदे जोरात असतात, त्यानंतर बेण्याचे गड्डे निवडून सावलीत ढीग लागतात, आणि अक्षय तृतीयेच्या आसपास लागण सुरू होते. ढिगातलं बेणं ठेवायचं की विकून टाकायचं, हे शेतकऱ्याला त्याआधी ठरवावं लागतं. तेव्हा अटीबाबतचं लेखी उत्तर बेणं निवडायच्या आत मिळावं. बैठक लावणार असाल तर ती गावात लावा, दुपारी चारनंतर, कुकर बंद झाल्यावर. आम्ही सगळे येऊ.

आपला,
कृष्णाकाठचा एक हळद उत्पादक
ता. चिकोडी, जि. बेळगाव